लाल शाईचा समास

३ जून

आज ओकिमोतो काकू मैदानावर आल्या. एका हातात सरांची बेसबॉलच्या सरावाची बारीक बॅट, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेलं खोकं. सर म्हणजे काकूंचे यजमान, माझे शाळेतले प्रशिक्षक; त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आता काकूंनी घर आवरायला काढलंय.

"शिगे, ही बॅट तू वापर. आणि ह्या तुमच्या वर्षाच्या वह्या. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही कधी. वाचायच्या तर वाच, नाहीतर जाळून टाक."

"तुम्ही वाचल्यात का, काकू?"

"लाल शाईतलं मी वाचत नाही," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

सरांचा नियम होता. संघातल्या प्रत्येक मुलाने रोज एक पान लिहायचं, सकाळी वही टेबलावर ठेवायची, संध्याकाळी सर समासात लाल शाईने उत्तर लिहून परत देणार, भरलेली वही त्यांच्याकडेच जमा. नियम मी तसाच चालू ठेवलाय. आता एकवीस वह्या माझ्या टेबलावर येतात आणि लाल पेन माझ्या हातात असतं. स्वतःच्या ह्या वहीतही मी अजून उजवीकडे दोन बोटं समास सोडतो. नात्सुए विचारते, "कुणासाठी जागा राखून ठेवता?" मी म्हणतो, सवय. नवऱ्याच्या सवयी मोजायच्या नाहीत असं ठरवल्यासारखी ती वळून कामाला लागते.

खोकं कपाटावर टाकलं. त्यात माझी शेवटची वही असणार. त्या उन्हाळ्यात कोशिएनहून परतल्यावर मी ती सरांना दिली आणि परत आणायला गेलोच नाही.

बॅटच्या मुठीवर सरांच्या अंगठ्याने खळगा पाडलाय. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. मला ते बरं वाटलं नाही.

९ जून

शाळेच्या दारातला फोटो आज पुसायला काढला होता. मधे मी, टकलू, दात काढून हसतोय. आमच्या प्रांतातून वर्षाला एकच शाळा ऑगस्टमध्ये देशभराच्या शालेय स्पर्धेसाठी कोशिएनच्या मैदानावर जाते. पंचवीस वर्षांपूर्वी एकदाच ती आमची होती. मी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; प्रांताची स्पर्धा एकट्याने खेचली, शेवटच्या पाच दिवसांत चार सामने, सहाशेवर चेंडू. गाव अजून तो आकडा पाठ म्हणतं.

त्यापुढचं कुणी पाठ केलेलं नाही. व्यावसायिक क्लबाने तिसऱ्या क्रमांकाला निवडलं. पहिल्याच शिबिरात डॉक्टरने कोपराचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाला, "हे कोपर एकोणीस वर्षांचं नाही. चाळिशीतल्या माणसाचं आहे." सहा वर्षं, दोन ऑपरेशनं, मुख्य संघाकडून अकरा सामने, एक विजय. तोही समोरच्या कॅचरने चेंडू सोडला म्हणून. मग ऑक्टोबरात फोन आला, "उद्या सूट घालून ऑफिसात या." खेळाडूला सूट घालून कशाला बोलावतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, नारळ द्यायला. लग्नाचाच सूट होता. तो घालून गेलो, वाकून नमस्कार केला, परत आलो आणि सतरा वर्षं संत्र्यांच्या सहकारी संस्थेचा ट्रक चालवला. पूर्वी व्यावसायिक खेळाडूला शाळकरी मुलांना शिकवायची मनाई होती. ती सैल झाल्यावर मी वर्ग करून कागद मिळवला. हे माझं दुसरं वर्ष.

लोक म्हणतात सरांनी मला पिळून काढलं. मला ते पटत नाही. हात दुखतोय हे मी लपवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मीच उघडली नाही तर सरांना कसं कळणार?

यंदा एक नंबर, म्हणजे मुख्य पिचरचा, काजिवाराच्या पाठीवर. मासेमाराचा मुलगा, बोलणं कमी, चेंडू जड. व्यावसायिक क्लबाचा एक माणूस दोनदा जाळीमागे येऊन बसून गेला. त्या वयातल्या माझ्यापेक्षा हा मुलगा सरस आहे. हे लिहिताना जळफळाट होईल असं वाटलं होतं. झाला नाही. फक्त भीती वाटली आणि कशाची ते कळलं नाही.

१९ जून

काजिवाराची वही बिघडत चाललीय. एप्रिलमध्ये तांदळाच्या दाण्यासारखी टपोरी अक्षरं होती. आता ओळी उलट्या दिशेला कलतात, शाई फरफटते, कोंबडी नाचून गेल्यासारखं पान दिसतं. मजकूरही तोकडा. "आज एकशेवीस चेंडू. ठीक." एवढंच. स्पर्धा तोंडावर आली की पोरांचं लक्ष उडतं. लाल शाईने लिहिलं, "अक्षर गबाळं झालंय. मन ठिकाणावर ठेव."

लिहून झाल्यावर वाक्य चांगलं जमलं असं वाटलं. सरांच्या तोडीचं.

२८ जून

काजिवाराला रात्रीच्या जेवणाला बोलावलं होतं. नात्सुएने ताई नावाच्या माशाचा भात केला. त्याने डाव्या हातात जेवायच्या काड्या धरल्या. अर्धा भात वाडग्यात, अर्धा पाटावर.

"डावखुरा आहेस का रे?" नात्सुएने विचारलं.

"नाही काकू. सराव करतोय."

"मीच सांगितलंय सगळ्यांना," मी म्हणालो, "दोन्ही बाजू सारख्या बळकट हव्यात."

"ऐकणारा हा एकटाच निघाला म्हणायचा."

मुलगा लाजला. गार चहाचा पेलाही त्याने डाव्यानेच उचलला. शिस्त असावी तर अशी. तो गेल्यावर नात्सुए भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाच्या जेवणात तुम्हीही डाव्या हातानेच जेवला होतात."

"ऑपरेशन झालं होतं तेव्हा माझं."

"तेच म्हणतेय."

तेच म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. बायकांना जुन्या गोष्टी भलत्या वेळी आठवतात.

१४ जुलै

पहिला सामना, ७-०. काजिवाराने पाचव्या डावानंतर विश्रांती मागितली नाही, मीही दिली नाही. ऊन असं की बाकावर हात टेकवत नव्हता.

१८ जुलै

दुसरा आणि तिसरा सामनाही जिंकला. आज ३-२, काजिवाराचे एकशेबावन्न चेंडू.

एक गोष्ट लिहायची की नाही ह्याचा दुपारपासून विचार करतोय. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. आठव्या डावात बाकाच्या पहिल्या टोकाला ओकिमोतो सर बसले होते. टोपी मांडीवर, हातात पंखा. मी वळून पाहिलं तर पाण्याचा पिंप. पुन्हा समोर पाहिलं की डोळ्याच्या कडेला सर. काजिवारा चेंडू टाकायचा आणि मला स्पष्ट ऐकू यायचं, "आणखी एक." सरावात सर तसंच म्हणायचे. शंभर झाले तरी आणखी एक, अंधार पडला तरी आणखी एक. त्या आवाजाने मला तेव्हा बळ यायचं.

आज मात्र घाम गार झाला. उन्हाचा परिणाम असेल. टोपीत बर्फ घालायला हवा.

२० जुलै

हामाओकाकडे केस कापायला गेलो. त्या वर्षी हा आमच्या संघात होता, चौदा नंबर, कायम बाकावर. आता गावातलं एकमेव केशकर्तनालय त्याचं, आणि गावातल्या गप्पांचाही मुख्य ठेका त्याच्याकडेच.

"उपांत्यपूर्व फेरी!" तो म्हणाला. "पंचवीस वर्षांनी. सर असते तर नाचले असते."

"सर नाचायचे?"

"हसायचे तरी. तुला आठवतं का, अंतिम सामन्यात सरांनी मला तुझ्याकडे पाठवलं होतं?"

आठवतं. आमच्या शाळकरी खेळात प्रशिक्षकाला बाकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. पिचरच्या उंचवट्यावर निरोप न्यायचा तर राखीव मुलगा पळत जातो, तोही एका सामन्यात तीनदाच. हामाओका असा पळत आला होता, श्वास फुललेला, आणि म्हणाला होता, "सर विचारतायत, हात दुखतोय का?" मी म्हणालो, "नाही."

"मी परत येऊन सांगितलं, नाही म्हणतोय. तर सर हसले," हामाओका कात्री चालवत म्हणाला. "मला वाटलं, किती विश्वास आहे ह्यांचा पोरावर. मान खाली घाल."

मी मान खाली घातली. घरी येईपर्यंत ते हसणं डोक्यातून जाईना. मी ते पाहिलं नव्हतं, तरी जाईना.

२२ जुलै

जिंकलो. ४-३, नऊऐवजी दहा डाव. उपांत्य फेरीत गेलो. गावातल्या लोकांनी बसच्या टपावर हात आपटून आपटून पोचे पाडले.

नवव्या डावात काजिवाराचे दोन चेंडू जमिनीवर आपटले. तो कपाळाचा घाम डाव्या हाताने पुसत होता, हातमोजा घातलेल्या हाताने, म्हणजे चामड्याने. कोण असा घाम पुसतं? मी तामाईला हाक मारली. तामाई म्हणजे आमचा चौदा नंबर, उंचीला पाच फूट आणि जिभेला सहा.

"जा, विचार त्याला, हात दुखतोय का."

"सर, तो मेला तरी हो म्हणणार नाही."

"विचार म्हणून सांगितलं ना?"

तो पळाला. मी पाहत होतो. काजिवाराने मान हलवली. तामाई परत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "नाही म्हणतो, सर."

माझी छाती एकदम हलकी झाली. विचारायचं ते मी विचारलं होतं. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. आता माझ्या माथी काही नव्हतं. मी हसलोसुद्धा असेन, कारण तामाई माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होता.

एकशेसत्तर चेंडू. बसमध्ये काजिवारा खिडकीशी झोपला, उजवा हात शर्टाच्या दोन बटणांच्या मधे खुपसून.

२३ जुलै

आज विश्रांती. उद्या उपांत्य सामना.

सकाळी वह्या आल्या. काजिवाराची उघडली. "काल जिंकलो. उद्याही टाकेन." अक्षर इतकं वाईट की "उद्या" वाचायला वेळ लागला. लाल पेन उचललं, "अक्षर" एवढं लिहिलं आणि थांबलो. कुणीतरी हात धरल्यासारखा थांबलो. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं.

कपाटावरचं खोकं काढलं.

माझी जुलैची वही. पहिल्या दहा पानांवर माझंच, वळणदार अक्षर. मग ओळी उलट्या कलायला लागतात, शाई फरफटते. त्या दिवसांत मी डाव्या हाताने लिहीत होतो. हे मी विसरलोच होतो. पंचवीस वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नाही ती हळूहळू मलाही सांगायची राहून गेली. आणि समासात सरांची लाल शाई, "अक्षर गबाळं झालंय. मन ठिकाणावर ठेव."

शब्दन्‌शब्द तेच. म्हणजे जूनमध्ये मला जे जमलेलं वाटलं ते माझं नव्हतंच.

मग शेवटची वही काढली, परत न आणलेली. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं, "सर, मला माफ करा. हात दुखत होता हे मी लपवलं. हामाओका विचारायला आला तेव्हा खोटं बोललो. मी तुम्हाला फसवलं." त्याखाली, समास सोडून पानभर, लाल शाई.

"फसवलं नाहीस. तुझं अक्षर बदललं त्याच दिवशी मला कळलं. तू नाही म्हणणार हेही माहीत होतं. म्हणूनच विचारायला पाठवलं."

खाली तारीख होती. त्या सप्टेंबरची. मी येईन म्हणून सर ही वही टेबलावर ठेवून थांबले असतील, की मी येऊ नये अशी मनातून इच्छा करत असतील, हे आता विचारणार कुणाला? मला त्यांचा राग आला. इतका आला की बॅट घेऊन मैदानावर गेलो आणि फेकून द्यायला हात वर केला. अंगठा त्या खळग्यात बसलेला होता. मग राग कुणाचा येतोय तेच कळेना.

जेवताना नात्सुएला विचारलं, "त्या दिवशी तू सरळ का नाही बोललीस?"

"तुम्हाला माहीत नव्हतं का?" ती म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. तिने वाडग्यात आणखी भात वाढला.

२४ जुलै

सकाळी काजिवाराला सांगणार होतो की आज तू नाहीस. बसपाशी त्याचे वडील उभे होते, बोट बंद ठेवून आलेले, जन्मात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घातलेले. शाळेचा बँड, हामाओकाचा झेंडा, काकू छत्री घेऊन. यादीत पिचर म्हणून काजिवाराचंच नाव दिलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी स्वतःला वेगळं सांगायला लागेन.

सहा डाव संपले तेव्हा आम्ही २-१ पुढे होतो. एकशेतीन चेंडू. सातव्या डावात दोन बेसवर त्यांचे धावणारे, बाद कुणीच नाही. काजिवारा चेंडू टाकून झाल्यावर उजवा हात लोंबकळत ठेवत होता, ओला टॉवेल लटकावा तसा. बाकाच्या टोकाला सर येऊन बसले. आज मी वळून पाहिलं नाही.

"तामाई."

"विचारू का, सर?"

"नाही. आज काही विचारायचं नाही. नुसता माझा निरोप सांगायचा. सर म्हणतात, त्यांच्या वेळी जुलैत तेही डाव्या हातानेच लिहीत होते. सर म्हणतात, मला माहीत आहे. आता खाली ये, ओनो टाकेल."

तामाईने निरोप घोकला. एकदाही विनोद केला नाही. मग टोपी सावरून पळाला. ओनो, आमचा दुसऱ्या वर्षाचा डावखुरा, त्याच्यामागे गेला.

मी पाहत होतो. तामाई बोलत होता, काजिवारा ऐकत होता. मग त्याने बाकाकडे पाहिलं. माझ्याकडेच. एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत, पण ते माझ्यावर होते. त्याने टोपी काढून तोंडावर धरली. जाळीमागून लोक ओरडत होते, "काजिवारा, आणखी एक! आणखी एक!" आणि माझ्या कानाशी तोच आवाज, अगदी शांत, "आणखी एक."

"नाही," मी मोठ्याने म्हणालो. धावा लिहिणाऱ्या मुलीने दचकून पेन्सिल उचलली.

काजिवाराने चेंडू ओनोच्या हातात ठेवला आणि खाली आला. बाकाशी येऊन उभा राहिला. "मैदानाच्या उजव्या टोकाला तरी उभा करा, सर."

"तिथूनही फेकावं लागतं."

"मला विचारलं का नाही?" त्याचा आवाज फाटला. "विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. आपण जिंकलो असतो."

"म्हणूनच विचारलं नाही."

५-२ ने हरलो. ओनोने जीव तोडून टाकले, त्याला काही बोलायचं नाही. परतीच्या बसवर कुणी हात आपटले नाहीत. हामाओका झेंडा गुंडाळून बाजूला उभा होता. म्हणाला, "शिगे, एक चेंडू तरी आणखी टाकू द्यायचा होतास." मी त्याला म्हणालो, त्या वेळी सर का हसले ते तुला कधीतरी सांगेन. त्याला आज नको होतं, मलाही नको होतं.

२६ जुलै

मुख्याध्यापकांकडे दोन निनावी फोन आले. व्यावसायिक माणसाला शाळकरी खेळातलं काळीज नसतं म्हणे. एका आवाजाने विचारलं, "ह्या माणसाला जिंकायचं नव्हतं का?" मुख्याध्यापकांनी मला चहा पाजला आणि पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत.

जिंकायचं होतं. अजूनही स्वप्नात आम्ही जिंकतो आणि मी खडबडून उठतो.

३१ जुलै

काजिवारा आठवडाभर आला नाही. वडिलांकडून कळलं, मात्सुयामा शहरातल्या डॉक्टरांनी कोपराचा फोटो काढला. हाडं बांधणारा आतला पट्टा अर्धा फाटलाय. वर्षभर चेंडू नाही. पुढचं पुढे. आणखी एक सामना टाकला असता तर पुढचं पुढे असंही म्हणता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. जून संपताना दाखवलं असतं तर सहज भरलं असतं, असंही म्हणाले.

आज संध्याकाळी तो आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. वाकला, टेबलावर वही ठेवली आणि जायच्याऐवजी दाराशी उभा राहिला. मी वही उघडली. डाव्या हाताचं, कोंबडीच्या पायांचं अक्षर, पण ह्या वेळी सावकाश, एकेक अक्षर सोडवून लिहिलेलं.

"दुखतंय. मे महिन्यापासून दुखतंय. मला तुमचा खूप राग आला आहे. तुम्हाला कधी कळलं?"

बाहेर लहान वर्गांतली मुलं मैदानाला झाडू मारत होती. बाकाचं पहिलं टोक खिडकीतून दिसत होतं. रिकामं होतं. मग लाल पेन उघडलं आणि समासात लिहिलं, "२३ जुलैला, जुनी वही वाचल्यावर."

तो दाराशी उभाच होता. मला जूनमधलं जेवण आठवलं, पाटावर सांडलेला भात. आणि नात्सुएला जे उत्तर दिलं नव्हतं ते आठवलं. मी लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं, "जूनमध्ये. तू जेवायला आलास तेव्हा."

खाडाखोड तशीच ठेवून वही त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने तिथेच उभं राहून वाचली.